तळावरचा तीनचा आकडा

*ताई, माझी मोठी मावशी आयुष्यभर एकच सेंट वापरत आली, ‘मिस डिओर’. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिची रिकामी बाटली मी जपून ठेवली आहे. आईला तो वास पुन्हा एकदा मिळावा म्हणून मी सेकंडहँड बाजारातून एक बाटली घेतली. विकणारे म्हणाले, १९८३ सालची आहे, तळावरच्या कोडचा पहिला आकडा ३ आहे तो त्या सालाचाच. बाटली अर्धीअधिक भरलेली, खोक्यासकट आली. दिसायला सुंदर, मानेला चंदेरी बो. पण वास मावशीचा नाही. मावशीचा हिरवट, जरासा कडवट, ओल्या रानासारखा होता. हा गोड, फुलांचा आणि मागून पॅचौलीच्या पानांचा, मातकट. रंगही फिकट गुलाबी. मावसभाऊ म्हणतो, सरळ डुप्लिकेट आहे, टाकून दे. फोटो पाठवते आहे. मी फसले का? आणि हा अंगाला लावला तर चालेल का?*

टाकून देऊ नका. तुमचे फोटो मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. ही बाटली बहुधा अस्सल आहे, असं माझं मत झालंय. फक्त ती १९८३ ची नाही, आणि तुमच्या मावशींचा सेंट तर ती मुळीच नाही. तुमचं नाक बरोबर आहे, मावसभावाचा निष्कर्ष तेवढा चुकलाय.

जुना सेंट हातात आला की ‘खरा की खोटा’ आणि ‘किती जुना’ असे दोन प्रश्न लोक वेगवेगळे विचारतात. मी ते वेगळे करत नाही. खोका, बाटली, झाकण, कोड, आतला द्रव, यातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारायचं, ‘तू कधीचा?’ सगळ्यांची उत्तरं एकाच काळात येऊन पडली तर बाटलीवर विश्वास ठेवायला जागा आहे. एकाचं जरी साल फुटून निघालं तरी तिथे थांबायचं, कारण एकतर माल नकली आहे, किंवा खोका एकाचा आणि बाटली दुसऱ्याची आहे, किंवा विकणाऱ्याने साल चुकीचं सांगितलंय. तुमच्या बाबतीत तिसरं झालंय.

आधी खोका घेऊ, कारण खोका फार बोलका असतो आणि लोक नेमका तोच बघायचा सोडतात. तुमच्या फोटोत मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी आहे. अल्कोहोल, पारफम (म्हणजे सुगंधी मिश्रण), अ‍ॅक्वा (म्हणजे पाणी) आणि त्यापुढे लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल. ही पुढची नावं म्हणजे सुगंधी द्रव्यांतले असे घटक, ज्यांची काही लोकांना अ‍ॅलर्जी येते. अशा २६ घटकांची नावं खोक्यावर छापणं युरोपात ११ मार्च २००५ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या खोक्यांवर हे लांबलचक शेपूट सहसा सापडत नाही. १९८३ च्या खोक्यावर तर शक्यच नाही. म्हणजे पहिल्याच साक्षीदाराने विकणाऱ्याचं म्हणणं खोडून काढलं.

यादीच्या शेजारी उघड्या डबीचं एक चित्र आहे आणि त्यात ‘३६ एम’ लिहिलंय, तेही त्याच काळातलं. ते बघून बरेच जण घाबरतात, की तीन वर्षांनी हा संपला. तसं नाही. बाटली उघडल्यानंतर ३६ महिने ती नीट राहील अशी उत्पादकाची हमी, एवढाच त्याचा अर्थ. न उघडलेल्या बाटलीचं घड्याळ त्याने सुरूच होत नाही. उघडलेलीही नीट ठेवली तर त्याच्या पुष्कळ पुढे जाते.

खोक्यावरच्या आणखी एक-दोन खुणा सांगून ठेवते, पुढच्या खरेदीला उपयोगी पडतील. मिलिलिटरच्या आकड्याशेजारी छोटा ‘ई’ दिसला तर खोका १९७६ नंतरचा, कारण ती खूण त्या वर्षीच्या युरोपीय नियमातून आली. दोन बाण एकमेकांत गुंतलेला हिरवा गोल ठिपका असेल तर १९९० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. ती जर्मनीत सुरू झालेली वेष्टनांच्या पुनर्वापराची खूण आहे, पुढे बाकीच्या देशांत पसरली. बारकोडचं म्हणाल तर पहिलं दुकानी स्कॅनिंगच जून १९७४ मध्ये झालं, तेव्हा ‘साठच्या दशकातला’ म्हणून दाखवलेल्या खोक्यावर बारकोड असेल तर पुढे बोलायचंच कारण नाही. बारकोडच्या सुरुवातीचे आकडे ३० ते ३७ असले की तो फ्रान्समध्ये नोंदलेला असतो. पण यावरून माल अस्सल ठरत नाही. नकली खोकेवाले बारकोड जसाच्या तसा उचलतात.

आता त्या तीनकडे येऊ, सगळा घोळ तिथेच आहे.

तुमच्या बाटलीच्या तळाशी एक आकडा, एक अक्षर आणि पुन्हा दोन आकडे असा कोड आहे, आणि खोक्याच्या तळाशी तोच कोड दाबून उठवलेला आहे. दोन्हीकडे तोच आहे ही चांगली खूण. डिओरच्या या कोडमधला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो. आता गोम अशी की शेवटचा आकडा दर १० वर्षांनी परत येतो. तीन म्हणजे २०२३ असू शकतं, २०१३ असू शकतं, २००३ असू शकतं. विकणाऱ्यांना जे साल हवं होतं ते त्यांनी त्यात वाचलं. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. ही चूक प्रामाणिक माणसाकडूनही रोज होते, विशेषत: कोड वाचून देणाऱ्या संकेतस्थळावर नुसता कोड टाकून जे साल येईल ते खरं धरलं की.

तर २००५ च्या नियमामुळे १९८३, १९९३ आणि २००३ गळाले. उरले २०१३ आणि २०२३. त्यातलं कुठलं, ते तुमच्या बाटलीच्या मानेवरच आहे. २०२१ मध्ये डिओरने ‘मिस डिओर’ नव्याने आणला तेव्हा बाटलीच्या मानेला विणलेल्या कापडी फितीचा बो आला. त्याआधीच्या काही वर्षांतल्या बाटल्यांवर धातूचा चंदेरी बो असायचा. तुमचा चंदेरी आहे. म्हणून मी २०१३ वर बोट ठेवते.

आता वासाचं. तुमचा जीव ज्याच्यासाठी तुटतोय ते हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘मिस डिओर’ पहिल्यांदा आला १९४७ मध्ये, ख्रिस्तियान डिओर यांच्या पहिल्या वस्त्रसंग्रहाच्याच वर्षी. त्याचं नाव त्यांच्या बहिणीशी, कातरीनशी जोडलेलं आहे. ती दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीत होती. तो सेंट ज्या घराण्यातला होता त्याला शीप्र म्हणतात. वर गॅल्बनम नावाच्या डिंकाचा कच्चा हिरवेपणा, तुटलेल्या देठातून चीक यावा तसा, आणि तळाशी ओकमॉस. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल, त्याचा अर्क सावलीतल्या ओल्या लाकडासारखा, किंचित कडवट लागतो. तुम्ही लिहिलंत, ‘हिरवट, जरासा कडवट, ओल्या रानासारखा’. ज्याने हे सूत्र कधी पाहिलेलं नाही त्याने नुसत्या आठवणीतून इतकं नेमकं लिहावं, हे वाचताना मला फार बरं वाटलं. तुमच्या मावशी हाच वापरत होत्या, यात मला शंका नाही.

मग २००५ मध्ये ‘मिस डिओर शेरी’ नावाचा एक वेगळाच सेंट आला, तरुण मुलींसाठी, गोड फळांचा. तो खूप चालला. २०११ च्या सुमारास कंपनीने त्याच्या नावातला ‘शेरी’ काढून टाकला आणि त्यालाच ‘मिस डिओर’ म्हणायला लागली. जुन्या, मावशींच्या सेंटच्या नावामागे ‘ओरिजिनाल’ हा शब्द चिकटला. त्यानंतर २०१७ मध्ये आणि २०२१ मध्ये ‘मिस डिओर’ याच नावाने सूत्र पुन्हा बदललं. म्हणजे एकाच नावाच्या पाटीखाली अनेक वेगवेगळे सेंट होऊन गेले. तुमच्या बाटलीतला गुलाब, चमेली, संत्र्याच्या जातीची गोडी आणि मागून पॅचौली, हे २०१३ च्या आसपासच्या ‘मिस डिओर’चंच वर्णन आहे. फिकट गुलाबी रंगही त्याचाच. काचेवरच्या दातेरी चौकड्यांच्या नक्षीने तुम्हाला फसवलं असेल, कारण ती जुन्या बाटल्यांवरही होती आणि नव्यांवरही आहे.

म्हणजे मावसभाऊ ज्याला डुप्लिकेटची खूण समजला, ती या बाटलीच्या बाजूची साक्ष आहे. खोका २००५ नंतरचा, कोड २०१३ शी जुळणारा, बो २०२१ च्या आधीचा, रंग आणि वास त्याच वर्षांतला. सगळे एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले. फुटून निघाला तो फक्त विकणाऱ्याच्या तोंडचा १९८३.

तरीही मी वर ‘बहुधा’ लिहिलंय, आणि ते का ते सांगते.

बरीच वर्षं झाली, मी एक बाटली घेतली होती. खोका अस्सल, बाटली अस्सल, कोड जुळलेले, झाकण जड, छपाई सुरेख. घरी येऊन कागदी पट्टीवर फवारला. पहिली दोन मिनिटं अगदी तोच. तासाभराने पट्टी नाकाशी धरली तर तिथे काहीच नव्हतं, नुसता साबणाचा गोडसर फिक्का वास. त्या सेंटचा तळ दुसऱ्या दिवशीपर्यंत पट्टीवर टिकतो हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हा भिंग काढलं आणि फवाऱ्याखालचं धातूचं कडं बघितलं. कारखान्यात ते कडं यंत्राने एकाच दाबात सगळीकडून सारखं आवळतात. माझ्या बाटलीवर त्याच्या खालच्या कडेला, समोरासमोर, दोन बारीक खाचा होत्या, नखात अडकतील एवढ्याच. पकडीने कडं सैल करून, बाटली रिकामी करून, दुसरंच काहीतरी भरून ते परत दाबलेलं होतं. त्या दिवसापासून मी खोक्याआधी कडं बघते.

सगळ्यांत अवघड नकली माल हाच, खऱ्या बाटलीत खोटा द्रव. रिकाम्या महागड्या बाटल्या आणि खोके विकत घेणारे लोक असतात, ते कशासाठी हे उघड आहे. अशा बाटलीपुढे कोड, बारकोड, काच, छपाई यातलं काहीच कामाला येत नाही. तिथे फक्त मान आणि नाक. म्हणून तुमची बाटली उन्हात नव्हे, पण चांगल्या उजेडात धरा आणि कड्याच्या खालच्या कडेवरून भिंग फिरवा. ओरखडे, खाचा, वाकलेली कड, कड्याचं बाटलीच्या मानेवर सैल फिरणं, यातलं काही आहे का बघा. ज्या बाटल्यांचा फवारा आट्यांचा असतो आणि हाताने उघडतो, त्यांच्यात तर ही खूणही राहत नाही.

मग नाकाची परीक्षा. घाईत करू नका, त्याला पूर्ण दिवस लागतो. पहिले दोन-तीन फवारे कुठेतरी सोडून द्या, कारण नळीत अडकून राहिलेला द्रव शिळा झालेला असतो आणि त्यावरून चांगला सेंटही बिघडलेला वाटतो. मग जाड पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर एक फवारा. फवारा उडतो कसा तेही बघा, धुक्यासारखा बारीक आणि सारखा यायला हवा, पिचकारीसारखी धार आली तर शंका घ्यायला जागा आहे. पट्टीचा वास पाच मिनिटांनी घ्या, तासाने घ्या, झोपताना घ्या, सकाळी उठल्यावर घ्या. प्रत्येक वेळी एकेक ओळ लिहून ठेवा. चांगला सेंट दिवसभरात दोन-तीनदा रूप बदलतो. नकली माल करणारा पैसे घालतो ते वरच्या वासात, कारण गिऱ्हाईक तिथेच ठरवतं, आणि तळाशी महागडी द्रव्यं घालायला त्याचा हात आखडतो. तुमच्या बाटलीतली पॅचौली सकाळी पट्टीवर असेल तर मी माझ्या वाक्यातला ‘बहुधा’ काढून टाकेन.

बाकीच्या लोकप्रिय परीक्षांवर मी फार वेळ घालवत नाही. बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते मोजायचं, असं सांगणारे भेटतील, त्यावर विसंबू नका. वरचं पारदर्शक वेष्टन शाबूत आहे म्हणजे माल अस्सल, हेही नाही. ते कुणालाही नव्याने चढवता येतं. कामाला येतात त्या खुणा साध्याच असतात. आतली नळी बारीक, सरळ आणि द्रवात जवळजवळ अदृश्य असावी, जाडजूड आणि तळाशी वळून पडलेली नसावी. काचेत बुडबुडे नसावेत. खोक्यावरच्या अक्षरांच्या कडा भिंगाखाली फुटलेल्या नसाव्यात.

कोड खरवडलेली बाटली मात्र लगेच नकली ठरवू नका. अधिकृत साखळीतून बाहेर पडलेला माल कुठून निघाला हे कंपनीला कळू नये म्हणून मधले व्यापारी कोड खोडतात. आतला सेंट अस्सल असू शकतो. पण त्याचं वय कळायचा मोठा आधार गेला, म्हणून मी असा माल घेत नाही. ‘टेस्टर आहे, म्हणून खोका साधा आणि झाकण नाही’ हेही खरं असू शकतं, टेस्टर म्हणजे दुकानात वास घेऊन बघायला ठेवलेल्या बाटल्या, त्या तशाच येतात. पण नकली मालावरची प्रत्येक शंका या एका शब्दात झाकता येते, हेही ध्यानात ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, अंगाला लावावा का. सेंट जुना होतो म्हणजे त्यात काय होतं, ते आधी समजून घ्या. हवा, उजेड आणि उष्णता हे तीन त्याचे शत्रू. वरच्या लिंबूवर्गी वासाची द्रव्यं सगळ्यांत आधी हवेशी संयोग पावून बिघडतात. म्हणून शिळ्या सेंटचा पहिला भपका नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा किंवा आंबूस येतो, आणि दहा मिनिटं थांबलं की खालचा वास पुष्कळदा शाबूत निघतो. ज्यांनी पहिल्या भपक्यावर नाक मुरडून अशा बाटल्या ओतून दिल्या, त्यांच्याबद्दल मला खरंच हळहळ वाटते. रंग गडद होणं ही तर बिघाडाची खूणच नव्हे. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, असलेले सेंट वर्षागणिक आपोआप गडद होतात. गेर्लां या फ्रेंच कंपनीचा १९२५ चा ‘शालिमार’ घ्या, त्यात व्हॅनिला भरपूर, त्याची जुनी बाटली तपकिरी दिसते आणि वासाने उत्तम असू शकते. फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचा सुगंधांचा संग्रह आहे, १९९० साली सुरू झालेला. तिथे बंद झालेले, विस्मृतीत गेलेले सेंट अंधारात, १२ अंश सेल्सिअसला, वर आर्गॉन वायू भरून ठेवतात, म्हणजे हवा आत शिरूच नये. आपल्याला आर्गॉन परवडणार नाही, पण अंधार आणि गारवा परवडतो. बाटली तिच्या खोक्यातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. न्हाणीघरात किंवा खिडकीत नको.

त्वचेच्या बाबतीत मात्र मी सावध राहायला सांगेन. तुमच्या खोक्यावरचे तेच लिमोनीन आणि लिनालूल हवेत मुरले की त्यांच्यापासून जे पदार्थ तयार होतात, ते मूळ पदार्थांपेक्षा जास्त अ‍ॅलर्जी आणतात. जुन्या सेंटने अंगावर पुरळ उठायचं हे एक कारण आहे. पट्टीची परीक्षा पार पडेपर्यंत अंगाला लावूच नका. पार पडली की कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा आणि दोन दिवस वाट बघा. खाज, लाली काही आली नाही तर वापरा. आईंसाठी मी तेही करणार नाही, सुती रुमालावर फवारून देईन. नकली ठरला तर रुमालावरही नको, कारण आत काय भरलंय ते भरणाऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

विकणाऱ्यांना जरूर लिहा. आवाज चढवायची गरज नाही. ‘तुम्ही १९८३ म्हणून दिलीत, पण खोक्यावर २००५ नंतरची घटकांची यादी आहे आणि बाटली २०१३ च्या सुमाराची आहे, त्यामुळे मला जे सांगितलं ते मिळालेलं नाही,’ एवढं आणि खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो. माणूस सरळ असेल तर परत घेईल. ‘डुप्लिकेट दिलंत’ असं लिहाल तर वाद भलत्याच गोष्टीवर सुरू होईल, आणि त्यात तुमची बाजू पडेल.

मावशींचा सेंट शोधायचा असेल तर दोन वाटा आहेत. ‘ओरिजिनाल’ हा शब्द असलेली बाटली मिळाली तर ती त्याच कुळातली. पण ओकमॉसच्या वापरावर पुढे मर्यादा आल्या, त्यातल्या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांवर युरोपात बंदीही आली, त्यामुळे तिचा तळ आठवणीतल्याइतका खोल लागणार नाही. खरोखर ऐंशीच्या दशकातली हवी असेल तर घटकांची यादी नसलेला, उघड्या डबीचं चित्र नसलेला, हिरवा ठिपका नसलेला खोका शोधा. फोटो मागताना कसूर करू नका. तळ, खोक्याच्या सहाही बाजू, मानेचं कडं जवळून, आणि बाटली उजेडाकडे धरून द्रवाची पातळी. हल्लीची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी बाटलीशेजारी ठेवून एक फोटो मागा, म्हणजे बाटली खरंच त्यांच्या हातात आहे हे कळतं. इतक्या जुन्या बाटलीतला द्रव थोडा उडालेला असणार, पातळी जरा खाली असणं स्वाभाविक आहे. उलट चाळीस वर्षं जुनी बुचाची बाटली काठोकाठ भरलेली दिसली तर मी जास्त प्रश्न विचारते.

आणि तुमच्याकडे एक अशी वस्तू आहे जी माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या बहुतेकांकडे नसते, मावशींची रिकामी बाटली. तिच्याइतका खात्रीचा नमुना दुसरा नाही, कारण ती कुठून आली आणि कुणाच्या हातात राहिली हे तुम्हाला ठाऊक आहे. ती धुऊ नका, आणि कुणी मागितली तरी देऊ नका. नवी बाटली आली की दोन्ही शेजारी ठेवून अक्षरं, काचेची जाडी, झाकणाचं वजन जुळवून बघा. मग जुनीचं झाकण उघडून कागदाची बारीक पट्टी मानेतून आत सोडा, झाकण सैल ठेवून रात्रभर राहू द्या. तळाशी आणि मानेच्या आतल्या कडेला जे वाळून चिकटलंय, तो त्या सेंटचा सगळ्यांत शेवटचा, जड भाग असतो. तो बराच काळ टिकतो. वरचा हिरवेपणा पट्टीवर येणार नाही, पण ओकमॉसचा तो कडवट गारवा येण्याची शक्यता चांगली आहे. सकाळी ती पट्टी आधी आईंना द्या, कुणाची ते न सांगता.

तुमच्या खोक्याच्या फोटोत यादीची शेवटची ओळ कापली गेली आहे. तिथे ‘ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ असं एका सुगंधी द्रव्याचं लांब नाव आहे का बघा. मार्च २०२२ पासून युरोपात त्यावर बंदी आहे, ते सापडलं तर २०२३ चा प्रश्न कायमचा मिटला. तो फोटो आणि मानेच्या कड्याचा एक जवळचा फोटो पाठवा, मी बघून कळवते.